सुंदराचं चोपणं

भातकापणी झाली की दरवर्षी मी आणि शेजारची सुंदरा माझ्या घरातली मातीची जमीन चोपायचो. समोरासमोर बसून एक ठोका तिचा, एक माझा. तिचं लाकडी चोपणं तिच्या आईच्या हातचं, वापरून गुळगुळीत झालेलं. ते माझ्याकडेच असायचं.

यंदा महाडहून पांढऱ्या टाईल्स आणल्या. निवडायला सुंदराला नेलं नाही. आमच्या गावाला, कापड्याला परत येईपर्यंत ती मातीचंच कौतुक करत बसली असती. गवंड्याच्या चहाला सरपण कमी पडलं, तेव्हा मी तिचं चोपणं चुलीत घातलं. तिला सांगितलं, वाळवीनं खाल्लं.

फरशी बसली, त्याच्या तिसऱ्या दिवसापासून दुपारी टाईल्सखालून आवाज येऊ लागला. थप. मग थोडी शांतता. पुन्हा थप.

गवंड्याने एकेक टाईल वाजवून पाहिली. "कुठंच पोकळ नाय, वहिनी."

ती शांतता बरोबर माझ्या एका ठोक्याएवढी होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

आज सुंदरा फरशी बघायला आली. "चांगली हाय गो," म्हणाली, आणि चहा घेऊन माझ्यासमोर तिच्या नेहमीच्या जागी बसली. चोपण्याचं खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुरू झालं. थप. अगदी तिच्याखालून.

तिचे दोन्ही हात कपाभोवती होते. तिने मान वर केली नाही.

"थांबलीस का गो, राजश्री?" ती म्हणाली. "तुझा ठोका राहिला."