घरचा कॉम्प्युटर

"माणसं कोंडून ठेवता तुम्ही! बापाच्या मयतीला एका दिवसाची रजा? चौदा एप्रिललाबी माझ्या नवऱ्याला गाव दिसू दिलं न्हाय. लाज कशी वाटत न्हाय तुमच्या कंपनीला?"

पुण्याच्या कंपनीत फोन लागताच क्षमानं पहिलं वाक्यच असं हाणलं. पलीकडं कॉम्प्युटरचं काम बघणारा रणधीर होता.

"ताई, रजेचं माझ्याकडं नसतं. कॉम्प्युटरचं काही असेल तर बोला."

"तेच हाय. घरी बसून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवता येतो म्हणे. आमच्यात तेवढं जोडून द्या."

रणधीरनं नाव आणि नोकरीचा नंबर विचारला. तिनं नवऱ्याच्या, राजपालच्या, जुन्या ओळखपत्रावरून वाचून दाखवला.

"नवीन घेतला का कॉम्प्युटर?"

"व्हय."

धाराशिवहून भूमपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणला होता तिनं. राजपाल पुण्यात कॉट बेसिसवर राहायचा. घरी या म्हटलं की त्याचं ठरलेलं, "घरून काम करायला नेट लागतं, कॉम्प्युटर लागतो. हाय का आपल्याकडं?"

आता होतं. शिलाई मशीन दाराशी सरकवून तिनं खिडकीखाली टेबल मांडलं. खुर्ची ठेवली, खुर्चीवर नवी उशी. पंख्याचं तोंडही तिकडंच वळवलं. नेटची वायर ओढताना शेजारची सरुबाई हसली होती, "अगं, नवरा काय वायरीतून यायलाय व्हय?"

हसू दे. परवा फोनवर बोलताना त्याच्या मागं कुकरची शिट्टी झाली, तर म्हणाला, कॅन्टीनमध्ये हाय. कॅन्टीनचं खाऊन खाऊन माणूस वाळला असंल.

रणधीर सांगेल ती बटणं तिनं उभ्यानंच दाबली. खुर्चीत बसली नाही, खुर्ची त्याची होती. पडद्यावरचे आकडे वाचून दाखवले. आणि माऊसला हात न लावता बाण आपोआप सरकायला लागला.

क्षमा बघतच राहिली. या घरात तिच्याशिवाय दुसरं काही हललं, त्याला किती दिवस झाले होते!

"सरांना कळवू का?" रणधीरनं विचारलं.

"नको, नको. आधी चालू होऊ द्या. मग मीच सांगते."

बाण थांबला.

"झालं ताई. फक्त एक आहे. एका माणसाला घरचा एकच कॉम्प्युटर जोडता येतो. जुना काढून टाकू ना?"

"जुना कुठला?"

"सर दोन वर्षं झाली घरूनच काम करतात ना, तो. आत्ताही चालू दिसतोय."

क्षमानं खुर्चीकडं बघितलं. उशी फुगलेली, तशीच.

"ताई? काढू का?"

"ओ दादा," ती म्हणाली, "कुठल्या घरातून? बोला की. कुठल्या घरातून?"