शिकलेल्या पेशी

"मामा, इकडे या. बघा तरी, तुमच्या उंदरांनी काय केलंय ते."

अकरा वर्षं मामा प्रयोगशाळेच्या तळमजल्यावर उंदरांची उस्तवार करत होते, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला त्यांना आजवर कुणी बोलावलं नव्हतं. आज संशोधक ताईंनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली. काळ्या गोलात हिरवे ठिपके गच्च भरले होते.

हे उंदराच्या आतड्याचं अस्तर, ताई सांगू लागल्या. रोगाशी लढणाऱ्या पेशी इथे येतात तेव्हा अगदी कच्च्या असतात. जंतूंशी गाठ पडली की शिकतात आणि आपापलं काम वाटून घेतात. मामांचे उंदीर तर जन्मापासून प्लास्टिकच्या बंद तंबूत, एकही जंतू न भेटता वाढलेले. त्यांच्या पेशी कच्च्याच राहायला हव्या होत्या, आणि इथे चांगल्या तयार झाल्या होत्या; हिरवा ठिपका म्हणजे तयार पेशी. म्हणजे शिकवणारं कुणी नसतानाही त्या शिकतात. हे आजवर कुणीच पाहिलेलं नाही. शोधनिबंध उद्या छापायला जाणार होता. सात वर्षं हाती काहीच न लागलेल्या ताई आज शाळकरी मुलीसारख्या हसत होत्या.

मामांनी डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला.

तीन आठवड्यांपूर्वी, महिन्यातून एकदा होणारी जंतूंची तपासणी झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तंबूत हात घालायच्या रबरी हातमोज्याला त्यांना सुईएवढं भोक दिसलं होतं. त्यांनी वर चिकटपट्टी लावली आणि तोंडाला कुलूप घातलं. असल्याच एका भोकापायी आधीच्या माणसाला एका दिवसात घरी बसवलं होतं, आणि मामांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. उंदीर काही बोलणार नव्हते. ते असे बोलतील हे मामांच्या स्वप्नातही नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "त्यांना शिकवणारे आत शिरले होते. माझ्यामुळे." आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं.

ताईंनी उठून दार लोटलं. हे आणखी कुणाला सांगितलंय का, असं हळूच विचारलं. कुणालाच नाही, मामा म्हणाले.

"मग हातमोजा आजच बदला. जुना जाळून टाका. तुमची नोकरीही राहील."

मामांना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगोलग लाजही वाटली. तंबूच्या नोंदवहीत काय लिहू, त्यांनी विचारलं.

"रोजचंच. सगळं ठीक."

मामा दारापाशी थांबले.

"तीन आठवडे तेच लिहितोय, ताई. म्हणून तर तुम्हाला हा शोध वाटला. आज मी भोक लिहितो."