दुपारचा हापसा

"ते मशीन रविवारी सटाण्याला पाठवतो," निवृत्ती जेवताजेवता म्हणाला. "पुंजामामाचा हात वर जात नाही. आईची कंबर आता बरी दिसते."

लताने तव्यावरची भाकरी उलटली नाही.  

मशीन म्हणजे मसाजचं. छापखान्यातल्या एका मित्राने मुंबईहून आणून दिलेलं. मुठीएवढं रबरी डोकं, लांब वायर, दोन वेगांचं बटण. पावसाळ्याच्या तोंडाशी निवृत्तीच्या आईची, नवसाबाईंची, कंबर धरली तेव्हा ते घरात आलं. त्यांनी दोनदा लावून पाहिलं आणि सुनेकडे सरकवलं. "मला नाय सोसत. तू लाव. तुझं बी अंग दुखतं ना."

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. निवृत्ती भला माणूस. कधी आवाज चढवला नाही, पगार आईच्या हातात देऊन मोकळा. रात्री त्याचं होऊन जाई आणि लता वरच्या पत्र्याकडे बघत पडून राही. वाईट वाटत नसे. काहीच वाटत नसे. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय जसा आपला राहत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. कधीतरी, वर्षातून एखाद्या वेळी, काहीतरी जवळ यायचं आणि उंबऱ्यावरूनच परत फिरायचं. बायका याबद्दल बोलत असतील, तर तिच्यासमोर बोलत नव्हत्या.

मशीन कंबरेवरून खाली सरकलं ते चुकून. दुसऱ्यांदा सरकलं ते चुकून नव्हे. मांड्यांच्या मध्ये, वरच्या अंगाला, वाटाण्याएवढी एक जागा होती. इतकी वर्षं ती तिचीच होती आणि तिला पत्ता नव्हता. थेट टेकवलं तर झोंबायचं. मोठ्या वेगावर तर तिथेही बधिरपणा यायचा. मग तिने टॉवेलाची घडी मध्ये धरली, वेग कमी ठेवला, मशीन किंचित बाजूला घेतलं आणि घाई सोडली. आधी कधीकधी जमायचं. मग दर वेळी जमायला लागलं, काडी लावली की स्टो पेटावा इतकं खात्रीनं. पोटातून लाट वर येई, पायाची बोटं आखडत, आणि तेवढ्यापुरती ती या अंगात राहायला आलेली असे. मग पुन्हा सगळं गार. पण उद्याची दुपार असायचीच.

दुपार मिळे ती नवसाबाईंच्या वाचनामुळे. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज दुपारी ग्रंथवाचन चाले. निवृत्ती कामावर, पोरगा शाळेत. जेवणं उरकली की नवसाबाई पांढरं लुगडं नेसून निघत आणि लता आतून कडी लावी. मशीन घर्र करी. कॉलनीतल्या त्या घरांना भिंती होत्या एवढंच. शेजारची शिंकसुद्धा ऐकू येई. पण दारासमोर बहात्तरच्या दुष्काळात मारलेला हापसा होता, आणि त्या वेळी नेमकं कोणीतरी पाणी भरत असे. कर्र-कट्, कर्र-कट्. त्यात मशीनचा आवाज बुडून जाई. कोण बाई होती कोण जाणे. लता तिचे मनातल्या मनात आभार मानी.

आश्विन पौर्णिमेला विहारात खीर वाटली. मोठ्या पातेल्यातली ती खीर लतानेच ढवळली होती. मग थंडी पडली. निफाडकडून येणाऱ्या बाया द्राक्षाच्या बागांत कामं निघाल्याचं सांगू लागल्या. शेजारच्या लंकाबाईंकडे नवा टीव्ही आला, आणि एशियाड बघायला भरदुपारी त्यांच्याकडे गर्दी होऊ लागली.

"येते गं वाचनाला," नवसाबाई चपला सरकवत म्हणत.

"हो, आत्याबाई," लता म्हणे आणि कडीकडे बघे.

"आई, पाठवू ना मग?" ताटावरून निवृत्तीने पुन्हा विचारलं.

नवसाबाई भिंतीला हात टेकून उठल्या आणि कण्हल्या. "कुठं बरी हे? वाकता येत नाय मला. पुंजाला म्हणावं तेल चोळ. मशीन कुठं जायचं नाय."

"पण तुला लावताना तर मी बघितलं नाही."

"तू दिवसभर छापखान्यात. तुला घरातलं काय दिसतं रे?"

निवृत्ती हसला. "बरं बाई. राहिलं."

लताने भाकरी उलटली. एका बाजूने करपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाट अगदी जवळ आली असताना लाइट गेली. मशीन थांबलं. क्षणभराने बाहेरचा हापसाही थांबला. लता तशीच पडून राहिली. बाहेर लंकाबाईंचा आवाज आला.

"लता हे का घरात? वाटीभर साखर पाहिजे होती."

"झोपलीय. अंग दुखतंय तिचं. दार वाजवू नको."

तो आवाज ओळखून लता उठली. तिने खिडकी बोटभर उघडली. हापशाच्या ओट्यावर पांढरं लुगडं दिसलं.

"अन् तुम्ही इथं उन्हात काय करता, नवसाबाई?"

"वाचनाला चाललेय."

"आता कसलं वाचन? पौर्णिमेलाच संपलं की. तुमच्या सुनेनंच तर खीर केली!"

"माझं चालू हे अजून. तू जा घरी. टीव्ही बंद पडला म्हणून लोकांची दारं नको वाजवत फिरू."

लंकाबाई हसत निघाल्या. त्या दोन घरंही ओलांडून गेल्या नसतील, तोच लाइट आली. बटण बंद करायचं राहिलं होतं. लोखंडी खाटेवर पडलेलं मशीन घर्र करत नाचायला लागलं.

नवसाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. पदर खोचला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि कंबरेतून वाकून त्या जोरजोरात हापसायला लागल्या.

खाली हंडा नव्हता.