समुद्रतळाचा गाळ

समुद्रतळातून काढलेल्या गाळाच्या नळ्या तिने संस्थेच्या शीतगृहात बावीस वर्षं सांभाळल्या होत्या. नव्या संचालकांना तिथे बैठकीची खोली हवी होती.

“शुक्रवारपर्यंत हा चिखल फेकून द्या, बाई.”

“साहेब, जुना प्रत्येक मोठा भूकंप या थरांत दिसतो.”

“त्याचे अहवाल आहेत ना?”

“अहवाल चुकला, तर पुन्हा बघायचं कशात?”

“तुम्ही भांडार सांभाळता. शास्त्रज्ञ नाही आहात.”

शुक्रवारी शीतगृह रिकामं बघून साहेबांनी तिला चक्क शाबासकी दिली.

संध्याकाळी नवऱ्याने दूध काढायला फ्रिज उघडला, तर वरपासून खालपर्यंत नळ्याच नळ्या. प्रत्येकीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी.

“अगं, कळलं तर नोकरी जाईल तुझी!”

“जाऊ दे. मी नाही फेकणार. अजून अकरा खाली गाडीत आहेत.”

तो ओट्यावर ठेवलेलं दुधाचं पातेलं उचलून दाराकडे निघाला.

“अहो, कुठे चाललात?”

“दूध शेजारच्या वहिनींच्या फ्रिजमध्ये ठेवतो. आणि त्या अकरांना तिथे जागा होईल का, तेही बघून येतो.”