काळ्या पडद्याचं बटण

निपाणीच्या एका शाळेत शिकवणारी विद्युल्लता दुपारी घरी बसून नवा रिमोट लॅपटॉपला जोडत होती. उद्या तिला शिक्षकांसमोर स्लाइड दाखवायच्या होत्या. आतल्या खोलीत तिचे यजमान हरिभाऊ पेपर वाचत होते.

तिनं पुढच्या स्लाइडचं बटण दाबलं. स्लाइड हलली नाही. आतून हरिभाऊ म्हणाले, "व्हय, आलो."

"मी कुठं हाक मारली?"

तिनं पुन्हा दाबलं. "व्हय, आलो." तोच सूर, शेवटी तोच खोकला.

"चेष्टा करताय व्हय?"

"मी कुठं काय बोललो गं?"

माहितीपत्रकात लिहिलं होतं, जोडणी होत नसल्यास पडदा काळा करायचं बटण तीन सेकंद दाबून धरा. तिनं धरलं. हिरवा दिवा लागला, पडदा काळा झाला आणि आतली पेपरची सळसळ थांबली.

"अहो?"

ती आत धावली. हरिभाऊ खुर्चीत ताठ बसले होते. डोळे उघडे होते आणि पान उलटायला उचललेलं बोट तसंच हवेत होतं. तिनं त्यांना गदागदा हलवलं. मग हातातल्या रिमोटची सगळी बटणं ती एकामागून एक दाबत सुटली.

उघड्या दारातून लॅपटॉप दिसत होता. त्यावर स्लाइड अगदी बिनचूक पुढे-मागे सरकत होत्या.