बोहणी

नागपूरजवळची ती कोळसा खाण बंद झाली आणि फाटकासमोर चहा विकणाऱ्या कांताबाईचं गिऱ्हाईकच तुटलं. कोळशावर जगणाऱ्या गावांना दुसरा रोजगार मिळावा म्हणून सरकारचा निधी आला. त्यातून तिला नवीकोरी चहागाडी मिळाली. साहेबांनी हार घालून फोटोही काढला.

पण फाटकाला कुलूपच होतं. दुपार झाली तरी बोहणी नाही. तोच चहा ती पुन्हा गरम करत होती, तेवढ्यात खाणीतला जुना कामगार प्रीतम येताना दिसला. तिचा जीव भांड्यात पडला.

"ये गा प्रीतम! कडक बनवू काय?"

प्रीतम मान खाली घालून उभा राहिला.



"चहा नको वं मावशी. आम्हा साऱ्यायलेबी चहाच्याच गाड्या भेटल्या. मी कुठी लावू?"