खालची सडक

चाकांच्या खुणा पाण्याच्या कडेला थांबल्या नव्हत्या. त्या सरळ पाण्यात उतरल्या होत्या.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की बुडालेल्या सडकेचा एवढाच तुकडा उघडा पडायचा. दोन्ही अंगांना वाळून पांढरी पडलेली आंब्याची खोडं, मधे गाळाचा थर आणि त्या गाळात मोटारीच्या दोन चाकोऱ्या. परत फिरल्याची खूण कुठंच नव्हती. कृष्णात वरच्या मैलाच्या दगडाशी थबकला आणि तिथंच खाली बसला. त्याचा बाप सोपान त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

मोटार कृष्णातची होती. लढाईच्या आधीची, काळी, तीन मालकांच्या हाताखालून आलेली. पलटणीत ड्रायव्हर असलेल्या बापानंच त्याला ती चालवायला शिकवलं होतं. पाच वर्षं मेढ्याहून गावोगाव सवाऱ्या नेऊन त्यानं तिच्यावर संसार उभा केला होता. परवा दुपारी तो चहा प्यायला बसला आणि बाहेर आला, तर मोटार जागेवर नव्हती. तेव्हापासून त्यानं अन्नाला हात लावला नव्हता. पोलिसात वर्दी देऊन झाल्यावर आज सकाळी बापानंच त्याला उठवलं, म्हणाला, चल, आपण विचारत विचारत जाऊ.

मोटार पुष्कळांनी पाहिली होती. चालवणाऱ्याचा चेहरा कुणालाच सांगता येत नव्हता. म्हशी राखणाऱ्या एका म्हाताऱ्यानं मात्र वेगळंच सांगितलं. या उतारावर आता एका खोपटाशिवाय वस्ती नाही, तरी मोटार हॉर्न वाजवत चालली होती. गावातून जाताना पोरंबाळं बाजूला व्हावीत म्हणून वाजवतात तसा, थांबून थांबून. तो आवाज पाण्याजवळून आला तेव्हा म्हाताऱ्यानं म्हशी वळवल्या आणि मागं न बघता घर गाठलं.

पाणी हलत नव्हतं. काठापासून थोड्या अंतरावर तेलाचा तवंग पसरला होता. खालून एकेक थेंब वर येई आणि तवंग तेवढाच मोठा होई.

"ब्रेक दोनदा दाबल्याबिगर लागत न्हाई, आबा," कृष्णात म्हणाला. "त्याला कुठनं ठावं आसणार? दुरुस्त करून घ्यायचा माझ्याकडनंच ऱ्हायला."

दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या बोलण्यात चोराचा राग नव्हता. सोपानला ते अधिकच जड वाटलं.

तेवढ्यात उतारावरच्या खोपटातून एक बाई खाली आली. हातात फडक्यात बांधलेली भाकरी होती. ती तिनं सडकेच्या कडेला एका धोंड्यावर ठेवली. तिथं कालचीही एक होती, वाळून वाकडी झालेली. तुम्ही कोण, असं तिनं विचारलं नाही. आपण होऊनच सांगू लागली. नाव हरणाबाई. तिचं गाव या पाण्याखाली होतं. नवरा आकाराम धरणाच्या कामावर ट्रक चालवायचा. पाणी चढलं तशी गाव सोडून ती दोघं वर सरकली, आणि त्या दिवसापासून तो एकच बोलत होता, घराला कडी घालायची राहिली. जेवताना म्हणायचा, झोपेतून उठून म्हणायचा. परवा दिवस मावळायच्या आत तो खोपटापुढं मोटार घेऊन आला. अंगात धुतलेला सदरा होता.

"बस म्हनलं मला. घराला कडी घालून येऊ म्हनलं." तिनं पदर सारखा केला. "म्या न्हाई बसले. चुलीवर कालवण हुतं."

कृष्णातनं तोंड दोन्ही हातांत धरलं.

सोपान एकटाच चाकोरीच्या कडेनं पाण्यापर्यंत गेला. चाकोऱ्या शेवटपर्यंत सरळ होत्या. अगदी शेवटच्या दोन हातांवर मात्र त्या बदलल्या होत्या. तिथं चाकं फिरली नव्हती, फरपटली होती. गाळ पुढं लोटला जाऊन दोन उंचवटे झाले होते. आयुष्यभर गाड्या हाकलेल्या माणसाला ते वाचायला वेळ लागला नाही: ब्रेक लागला होता, पण उशिरा. त्यानं मागं वळून पाहिलं. कृष्णातचं तोंड अजून हातांतच होतं. सोपाननं वहाणेनं एक उंचवटा विस्कटला, मग दुसरा. पाण्याची बारीक लाट आली आणि उरलेलं तिनं सपाट केलं.

वर येऊन तो लेकापुढं उकिडवा बसला.

"त्यानं ब्रेकवर पाय ठेवलाच न्हाई," तो म्हणाला. "म्या बघून आलो. तुझ्या ब्रेकचा ह्यात काय संबंध न्हाई."

कृष्णातनं बापाच्या गाळानं भरलेल्या वहाणांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मान डोलावली.

हरणाबाई पाण्याकडं बघत उभी होती. तिनं विचारलं, आता घरी पोचलं असतील न्हवं? आता ठाण्यावर जाऊन सांगावं लागेल, माणसं आणि दोर आणावे लागतील, एवढंच सोपानच्या डोक्यात फिरत होतं.

कृष्णात उठला आणि तिच्याजवळ जाऊन भाकरीच्या धोंड्याशेजारी टेकला. पाणी येण्याआधी त्या गावाला त्यानं कितीतरी सवाऱ्या पोचवल्या होत्या.

"खालची सडक म्या लय चालवलीया, मावशी," तो म्हणाला. "ह्या आंब्यांपुढं वढा लागतो. मोरीवर जरा सावकाश घ्यायची. मग चावडी. तितनं डावीकडं वळलं की समदं सपाट."

बोलता बोलता त्याचे दोन्ही हात वर आले होते आणि पुढ्यात नसलेलं चाक सावकाश फिरवत होते. हरणाबाई त्याच्या शेजारी टेकली. पाण्यावरची नजर तिनं काढली नाही. डाव्या वळणावर ती त्याच्याबरोबर किंचित कलली.